थापी, सुरी आणि शहर: जाड तैलरंगातल्या नगरचित्रांची गोष्ट

मागच्या वेळी आपण जलरंगातल्या निसर्गचित्रांबद्दल बोललो. पातळ रंग, ओला कागद, मागून येणारा कागदाचा पांढरा उजेड, असं सगळं होतं. आज बरोबर उलट्या टोकाला जायचंय. रंग इतका जाड, की त्याची सावली पडते. आणि तो लावायला ब्रश नाही, सुरी. पॅलेट नाइफ. विषय म्हणजे शहर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोनवर अशी चित्रं पाहिली असतील. पावसात भिजलेला रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, दिव्यांचे पिवळे-केशरी गोळे, ओल्या फरशीवर त्यांची प्रतिबिंबं, आणि मध्ये छत्री घेतलेलं एक जोडपं. या प्रकाराला जगभर पोचवणारा चित्रकार म्हणजे लिओनिद अफ्रेमोव्ह. जन्म 1955, बेलारूसमधल्या वितेब्स्कचा, मार्क शागालच्या गावचा. पुढे इस्रायल, नंतर अमेरिका आणि मेक्सिको. 2019 मध्ये तो गेला. गॅलऱ्यांच्या वाटेला फारसं न जाता इंटरनेटवरून त्याने प्रचंड चित्रं विकली. नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. पण एक अडचण आहे. ही चित्रं इतकी पसरली, की सुरीने रंगवलेलं शहर म्हटलं की दिव्यांची रोषणाईच डोळ्यांपुढे येते. मला आज जे सांगायचंय ते असं, की या पद्धतीचा इतिहास बघितला तर सुरी शहरात आली ती दिव्यांसाठी आली नाही, भिंतींसाठी आली. आणि भिंती रंगवताना तिने एक किंमतही घेतली. त्या किमतीबद्दल शेवटी बोलू.

आधी हत्यार बघू या. आपण सर्रास ‘पॅलेट नाइफ’ म्हणतो, पण दुकानात दोन वस्तू मिळतात. एक सरळ पात्याची, टोकाला गोल. ती रंग कालवायला आणि पॅलेट खरवडायला. दुसरीची मान वाकडी असते, पातं पानासारखं किंवा त्रिकोणी. चित्र रंगवायची ती ही. मान वाकडी का? तर कॅनव्हासवर रंग ओढताना बोटांची पेरं ओल्या रंगाला लागू नयेत म्हणून. आता गवंड्याच्या हातातली थापी आठवा. तीच वाकडी मान, त्याच कारणासाठी. गिलावा करणारा गवंडी थापीने माल उचलतो, भिंतीवर मारतो, दाबून ओढतो, जास्तीचा कडेने काढून घेतो. सुरीने रंगवणारा हेच करतो. ब्रशचे केस रंगात खाचा पाडतात. सुरी रंग सपाट बसवते आणि कडेला एक धार सोडते. ती धार म्हणजेच छपराची कड, भिंतीचा कोपरा, गॅलरीची किनार. शहर या हत्याराला जमतं ते यामुळे. वळणावळणाचं झाड सुरीने काढायला कष्ट पडतात. चाळीची भिंत मात्र दोन हातांत उभी राहते.

पण गंमत अशी, की पहिल्या मोठ्या सुरीबहाद्दराने शहराकडे जवळजवळ ढुंकून पाहिलं नाही. तो म्हणजे गुस्ताव कूर्बे. त्याच्या आधीही हे हत्यार कॅनव्हासवर आलेलं होतं. रेम्ब्रांटच्या उत्तरकाळातल्या काही चित्रांत, विशेषतः कपड्यांच्या बाह्यांवर, सुरी वापरली असावी असं अभ्यासक मानतात. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल 1820-30 च्या सुमारास सुरीने पांढऱ्याचे ठिपके मारायचा, आणि लोक त्याची थट्टा करत, हे काय, चित्रावर बर्फ पडलाय की चुना उडालाय! पण भर सुरीवर ठेवला तो कूर्बेने. त्याचं गाव ओर्नां, पूर्व फ्रान्समधलं, चुनखडीच्या कड्यांचं. ते कडे थरांवर थर बसून तयार झालेले, आणि कूर्बे ते रंगाचे थर बसवूनच रंगवायचा. याच काळात एक साधी सोय झाली होती. 1841 मध्ये जॉन रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने लंडनमध्ये दाबता येणाऱ्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत मिळायचा, टाचणीने भोक पाडून काढावा लागे. ट्यूब आल्यावर रंग लोण्यासारखा, हवा तेवढा. सुरीला असाच रंग लागतो.

कूर्बेपासून ही पद्धत तरुण सेझानने उचलली. 1866 च्या सुमाराची त्याची चित्रं, मामाची व्यक्तिचित्रं, पेपर वाचत बसलेले वडील, सगळी सुरीने थापलेली. पिसारोनेही त्याच दिवसांत सुरी हाती धरली होती. म्हणजे पुढे जे इम्प्रेशनिस्ट म्हणून गाजले, त्यांच्या घरात सुरी होती. मग ते शहर रंगवायला लागले तेव्हा काय झालं? त्यांनी सुरी बाजूला ठेवली.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मोनेचं ‘बुलेव्हार दे काप्युसिन’ बघा, 1873-74 चं. वरच्या मजल्यावरून दिसणारा रस्ता आणि खाली माणसांची गर्दी. माणसं म्हणजे ब्रशचे उभे, काळपट फटकारे. 1874 च्या त्या पहिल्या प्रदर्शनात लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने नेमकी याचीच टिंगल केली होती, मीही रस्त्यावरून चालताना असाच दिसतो का म्हणून. पिसारोने 1897 मध्ये हॉटेलच्या खिडकीत बसून बुलेव्हार मोंमार्त्रची चौदा चित्रं केली. वय सहासष्ट, डोळ्यांचं दुखणं, बाहेर थंडीवाऱ्यात उभं राहणं अवघड. सकाळ, धुकं, पाऊस, रात्र, सगळी ब्रशने. त्यांच्या दृष्टीने शहर म्हणजे वर्दळ होती. घोडागाड्या, धूर, छत्र्या, हलणारा उजेड. ओस्मानने जुनं पॅरिस पाडून जे सरळ, रुंद रस्ते केले होते, त्यांवरून वाहणारं जीवन त्यांना पकडायचं होतं. वाहत्या गोष्टीला थापी काय कामाची?

सुरी शहरात आली ती त्या रुंद रस्त्यांवर नाही, मागच्या बोळांत. मोरिस उत्रिलो. जन्म 1883, मोंमार्त्रचा. आई सुझान व्हालाडों, आधी चित्रकारांची मॉडेल, नंतर स्वतःच उत्तम चित्रकर्ती. मुलाला लहानपणापासून दारूचं व्यसन लागलं, आणि त्यातून बाहेर काढायला आईने त्याच्या हातात रंग दिले. साधारण 1909 ते 1914 या त्याच्या काळाला ‘श्वेत काळ’ म्हणतात. टेकडीवरचे निर्मनुष्य बोळ, पोपडे उडालेल्या चुन्याच्या भिंती, बंद खिडक्या. त्याला पांढऱ्या रंगातून भिंतीचा खरबरीतपणा हवा होता, नुसत्या रंगाने तो मिळेना. म्हणून त्याने झिंक व्हाइटमध्ये प्लास्टर मिसळलं आणि सुरीने ते कॅनव्हासवर ओढलं.

आता इथे क्षणभर थांबू. आपण ज्याला ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ म्हणतो, गणपतीच्या दिवसांत ज्यावरून दरवर्षी वाद होतो ते पीओपी, त्याला पॅरिसचं नाव का पडलं? तर पॅरिसजवळ जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, आणि त्यांतल्या प्रसिद्ध खाणी मोंमार्त्रच्या टेकडीच्या पोटात होत्या. एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथून जिप्सम निघत होतं. ते भाजून केलेल्या प्लास्टरने शहरातली घरं लिंपली गेली. म्हणजे ज्या टेकडीतून प्लास्टर निघालं, तिच्यावरच्या प्लास्टरच्या भिंती उत्रिलो प्लास्टर घालून रंगवत होता. त्याने हा हिशोब करून केलं असेल असं मी म्हणत नाही. पुष्कळदा तर तो पोस्टकार्डं समोर ठेवून रंगवायचा. पण चित्रात ते उतरलंय.

रंगशास्त्राच्या दृष्टीने अशी चित्रं म्हणजे डोकेदुखी, तेही सांगून टाकतो. तैलरंग जलरंगासारखा वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं. जाड थरात वरची साय आधी धरते आणि आत रंग ओला राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं. वरच्या सायीला सुरकुत्या पडतात. झिंक व्हाइट तर कालांतराने ठिसूळ होतो, तडकतो. जुने लोक जाड कामाला सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा, पसंत करत ते त्याच्या लवचीकपणामुळे. तो विषारी आहे हा भाग वेगळा. तेव्हा सुरीचं काम बघताना ‘काय झटपट केलंय!’ असं वाटतं, पण लावायला झटपट आणि वाळायला महिने, असा तो प्रकार आहे.

आता लंडनला जाऊ, आणि मधली चाळीस वर्षं ओलांडून दुसऱ्या महायुद्धाच्या पलीकडे. कारण शहर आणि सुरी यांची खरी गाठ तिथे पडली असं माझं मत आहे.

1940-41 च्या बॉम्बहल्ल्यांनी लंडनचे मोठे भाग सपाट झाले होते. डेव्हिड बॉम्बर्ग या चित्रकाराचं 1944 चं ‘ईव्हनिंग इन द सिटी ऑफ लंडन’ बघा. पडझडीच्या वर सेंट पॉल्सचा घुमट उभा. हा बॉम्बर्ग युद्धानंतर बरो पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. त्या वेळी त्याला फार कोणी विचारत नव्हतं. विद्यार्थ्यांना त्याचं सांगणं थोडक्यात असं, की वस्तूची बाह्यरेषा काढू नका, तिचं वजन शोधा. त्याच्या वर्गात दोन मुलं होती: फ्रँक अवरबाख आणि लिऑन कॉसॉफ.

कॉसॉफ लंडनमध्येच जन्मलेला, 1926 चा, युक्रेनमधून आलेल्या ज्यू कुटुंबातला. अवरबाख 1931 चा, बर्लिनचा. 1939 मध्ये, आठवा वाढदिवस तोंडावर असताना, आईवडिलांनी त्याला इंग्लंडला पाठवून दिलं. ते दोघे मागे राहिले आणि आउश्वित्झमध्ये मारले गेले. मुलगा केंटमधल्या शाळेत वाढला, लंडनला आला तेव्हा शहरभर खड्डे. आणि त्या खड्ड्यांतून नव्या इमारती वर येत होत्या.

हे दोघे मित्र त्या बांधकामांवर जाऊन रेखाटनं करत. ऑक्सफर्ड स्ट्रीट, सेंट पॉल्सचा परिसर, थेम्सकाठची शेल कंपनीची इमारत. अवरबाख खोदकामाच्या कडेशी, फळ्यांवर चढून रेखाटनं करायचा, आणि स्टुडिओत येऊन महिनोन्‌महिने त्यावरून चित्र करायचा. 1952 च्या ‘समर बिल्डिंग साइट’पासून 1962 च्या लेस्टर स्क्वेअरमधल्या एम्पायर थिएटरच्या बांधकामाच्या चित्रापर्यंत, दहा वर्षं हा एकच विषय. त्यातलं ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट बिल्डिंग साइट I’, 1959-60 चं, टेट संग्रहालयात आहे. रंग कुठले? मातीचे. पिवळी माती, गेरू, काळा, पांढरा. एक तर खड्ड्यात तेच रंग होते, आणि दुसरं, मातीचे रंग स्वस्त असतात. कॅडमियमसारखे झगझगीत रंग पाव-पाव इंच थापायला खिशात पैसे लागतात! पुढे थोडे दिवस बरे आल्यावर अवरबाखच्या चित्रांत लाल, पिवळा, हिरवा आला. कलेच्या इतिहासात आपण ‘गंभीर मातकट रंगसंगती’ वगैरे म्हणतो, त्यामागे दुकानदाराचं बिल असू शकतं हे विसरू नये.

त्याने फक्त सुरीच वापरली असं नाही. ब्रश होते, हातही होते. पण या चित्रांची वागणूक सुरीची आहे. थर बसवायचा, पटला नाही की वर दुसरा, त्यावर तिसरा. सुरुवातीच्या वर्षांत तो जुना रंग काढत नसे, त्यामुळे पृष्ठभाग इतका उंच झाला की चित्र की उठावशिल्प, असा प्रश्न पडावा. 1956 मध्ये हेलन लेसोर यांच्या बो आर्ट्स गॅलरीत त्याचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, तेव्हा जाड रंगावरूनच टीका झाली. नंतर नंतर त्याने पद्धत बदलली. दिवसाचं काम मनासारखं नसेल तर सगळं खरवडून टाकायचं, दुसऱ्या दिवशी त्याच फलकावर पुन्हा सुरुवात.

सुरीची ही दुसरी बाजू आपण विसरतो. ती लावते तशी काढतेही. ब्रशने केलेली चूक पुसावी लागते, सुरीने केलेली सरळ उचलता येते, आणि खाली डाग उरतो. पूर्वी इथे काहीतरी होतं असं सांगणारा डाग. ज्या शहरात रोज पाडणं आणि बांधणं चाललंय, ते रंगवायला पाडणारं आणि बांधणारं एकच हत्यार वापरणं, यापेक्षा नेमकं काय असणार? त्यात हा माणूस असा, की त्याचं मागचं सगळं कायमचं गेलेलं. 1954 पासून तो कॅम्डनमधल्या एकाच स्टुडिओत काम करत राहिला, 2024 मध्ये मरेपर्यंत. तो स्टुडिओ आधी कॉसॉफकडे होता.

याच सुमाराला पॅरिसमध्येही जाड रंगाचे दिवस आले होते, पण वेगळ्या तऱ्हेने. निकोला द स्ताएल हा सेंट पीटर्सबर्गला 1914 साली जन्मलेला रशियन. त्याचं 1952 चं ‘ले त्वा’, म्हणजे छपरं, पोंपिदू केंद्रात आहे. खाली रंगाच्या चौकोनी फरशा, वर मोठं करडं आकाश. अमूर्त म्हणा, छपरं म्हणा, दोन्ही खरं. 1955 मध्ये त्याने आंतिबला इमारतीवरून उडी घेऊन जीव दिला. त्याच्यावर स्वतंत्र बोलावं लागेल. आज तो पाहिजे तो एवढ्यासाठी, की त्या पॅरिसमध्ये तेव्हा आपल्या मुंबईचा एक चित्रकार होता.

सय्यद हैदर रझा. मध्य प्रदेशातला जन्म, 1922 चा. पण घडला मुंबईत. 1943 ते 47 जे. जे., आणि 1947 मध्ये सूझा, आरा, हुसेन, आपले ह. अं. गाडे आणि सदानंद बाक्रे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप. त्या वर्षांतली रझांची मुंबई जलरंगात आहे. पावसाळी रस्ते, ओघळणारे रंग, घाईचे फटकारे. फार देखणी चित्रं. 1948 मध्ये काश्मीरला छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं पाहून सांगितलं, हात चांगला आहे, पण रचना नाही. चित्र इमारतीसारखं पायापासून बांधायचं असतं, सेझान बघा. हा किस्सा रझा स्वतः आयुष्यभर सांगत आले. 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले, आणि पाच-सहा वर्षांत त्यांची गावं आणि शहरं जाड तैलरंगात आली. सुरीने लावलेल्या लाल-काळ्या भिंती, एकमेकींना टेकलेली घरं, मध्ये चर्चचा मनोरा. 1956 चा ‘प्री द ला क्रितीक’ हा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले परदेशी चित्रकार. लोकांना रझा म्हटलं की बिंदूच आठवतो, पण बिंदूच्या आधी ही घरं आहेत. मुंबईच्या जलरंगांशेजारी ती ठेवून बघा. एकाच माणसाने शहर आधी पाण्याने वाहवलं, मग बांधून काढलं.

आणि आता ती किंमत. मुंबईच्या जलरंगांत माणसं आहेत. फ्रान्समधल्या त्या गावांत माणूस नाही. उत्रिलोचे बोळही बहुतेक रिकामे. अवरबाखच्या खड्ड्यांत मजूर शोधावे लागतात. सुरी भिंत उभी करते आणि माणसाला बाहेर ठेवते.

रामकुमार यांचं उदाहरण यात सगळ्यांत बोलकं आहे. निर्मल वर्मांचे थोरले बंधू, स्वतःही हिंदी कथाकार. पॅरिसला आंद्रे लोत आणि फेर्नां लेजे यांच्याकडे शिकून आले. 1950 च्या दशकात त्यांनी शहरातली बेकार, उदास, कोंडलेली माणसं रंगवली. 1960 मध्ये हुसेन यांच्याबरोबर ते बनारसला गेले. घाटांवर केवढी माणसं! विधवा, यात्रेकरू, प्रेतयात्रा. आणि रामकुमारांच्या चित्रांतून माणूस नाहीसा झाला. उरली सुरीने ओढलेली करडी-तपकिरी घरं, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, दारांचे काळे चौकोन. मला ती चित्रं रिकामी वाटत नाहीत. माणसं आत्ताच उठून गेली आहेत, असं वाटतं. पण हे प्रत्येकाला साधत नाही. आज बाजारात सुरीने केलेल्या बनारसच्या घाटांची शेकडो चित्रं मिळतात; त्यांतही माणूस नसतो, आणि त्याचं काही वाटत नाही. तिथे तो नसतो कारण सुरीने माणूस काढणं कठीण जातं, एवढंच.

वेळ झालीय, एक-दोन प्रश्न घेऊ.

(प्रश्न: मग मुंबईसारखं माणसांनी भरलेलं शहर सुरीने रंगवूच नये का?)

रंगवावं की! पण आपण काय सोडतोय ते माहीत असावं. ठाण्यात राहणारे सुधीर पटवर्धन यांची शहराची चित्रं बघा. ते पूर्वी पेशाने रेडिओलॉजिस्ट होते. त्यांच्या चित्रांत इमारती, पूल, गिरण्या सगळं आहे, पण आधी माणूस आहे, त्याच्या खांद्याच्या उतारासकट. तो ब्रशने आलाय, सुरीने आला नसता. उलट तुम्हाला मोडकळीला आलेली गिरणी, क्रेन, अर्धवट टॉवर, निळी पत्र्याची कुंपणं रंगवायची असतील, तर सुरी घ्या. लोअर परळला उभं राहिलात तर अवरबाखचा खड्डा समोरच असतो.

(प्रश्न: घरी करून बघायचं असेल तर सुरुवात कशी करावी?)

कॅनव्हासपेक्षा प्राइमर लावलेला फळा घ्या. जाड रंग कॅनव्हासच्या हलण्याने तडकतो. पांढऱ्यावर सुरू करू नका, आधी पातळ तपकिरी किंवा करडा हात मारून वाळू द्या. चार-पाचच रंग, बहुतेक मातीचे. मोठ्या भिंती आधी, जाडी नंतर, खिडक्या शेवटी; खिडकी लावण्यापेक्षा ओल्या रंगात खरवडून काढा. विजेच्या तारा आणि खांब पात्याच्या कडेने, एका दमात. प्रत्येक फटकाऱ्यानंतर पातं पुसा, नाहीतर दहा मिनिटांत सगळं चिखल होतं. दिवसअखेर पॅलेटवरचा खरवडलेला रंग फेकू नका, तो एकत्र कालवला की सुंदर करडा होतो, पुढच्या फळ्याच्या पहिल्या थराला चालतो. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात कोंबू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा, मग टाका.